तिसरी सतरंजी

—जाल हो खाली, शेत काय पळून चाललंय? आधी बसा ओट्यावर. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, ह्या बाकड्यावर बसा. पारनेरहून स्कूटीवर आलात, तोंड बघा धुळीनं कसं झालंय. घ्या, पाणी घ्या, चहा होतोच आहे. रेश्मानं फोन केला तुम्हाला, व्हय ना? तिच्या फोनचा रिचार्ज संपलाय, पण माझ्या फोनवरून नाही केला, शेजारच्या छबूबाईच्या पोराच्या फोनवरून केला — कळलं मला सकाळीच, ह्या वस्तीत शिंक दाबली तरी पलीकडच्या दारात ऐकू जाते. सुनेनं बोलावलं म्हणून तुम्ही आलात, चांगलं झालं, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे? मार्था शलमोन भांबळ. म्हणजे माझं. शेतकी हापिसातनं माणूस आलं तर त्यानं आधी कुणाच्या दारात थांबायचं? मालकिणीच्या. म्हणून म्हणते, बसा. तुमचं नाव काय म्हणालात — अनन्या. बरं. अनन्या मॅडम, बटाट्यावरचा करपा कुठं चालून जातोय? बसलाय तो पण तिथंच, पानावर.

नाताळच्या आधीच आभाळ भरून आलं होतं. ऊन म्हणून नाही. सकाळी धुकं असं, की देवळाची घंटा ऐकू यायची पण देऊळ दिसायचं नाही. तेव्हाच म्हटलं मी, ह्या हवेत काहीतरी निघणार. मला न कळायला काय झालं? शाळेत गेले नाही मी, पण खताच्या गोण्यांवरची अक्षरं बोटानं गिरवत वाचायला शिकले. शलमोन — आमचे मालक — रात्री पवित्र शास्त्र, बायबल, वाचायचे मोठ्यानं, मी त्यांच्या खांद्यावरून बघायचे, आणि दिवसा गोणीवर तीच अक्षरं शोधायचे. युरियातला 'य' आणि येशूतला 'य' एकच, हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मला सापडलं. पुढं चर्चच्या पाळकांनी परीक्षा घेतली, स्तोत्र वाचायला लावलं, घडाघडा वाचलं. तेव्हापासून ह्या वस्तीत कुणाला कागद आला की माझ्याकडं यायचा. अजून येतो. म्हणून मला कुणी अडाण्यासारखं समजावून सांगितलं ना, की डोकं फिरतं माझं. तुम्ही तसं बोलत नाही, ते बरं आहे.

आता ते सतरंज्यांचं ऐकून घ्या, तुम्हाला ठाऊक पाहिजे ते. तुम्ही दिवाळीनंतर बदलून आलात, हे झालं पावसाळ्याच्या तोंडाला, तुमच्या आधीचे साहेब होते तेव्हा. शाळेच्या पटांगणात सगळ्या बटाटेवाल्यांना बोलावलं. म्हणाले, आजपासून सगळ्यांना एकच सल्ला देणं बंद. विहीरवाला वेगळा, पावसावरचा वेगळा, घरी खायला लावणारा वेगळा, ज्याला जे लागतं ते त्याच्याच फोनवर. मला पटलं, लई पटलं. का नाही पटणार? आधी निरोप यायचा, बेणं कापून लावा, एका बटाट्याच्या दोन फोडी करा. हिवाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात ओल्या मातीत फोड लावली तर कुजते, हे शेंबड्या पोराला कळतं — पण हापिसाचा निरोप म्हणून छबूबाईनं आदल्या वर्षी जूनमध्ये सगळं बेणं कापून लावलं आणि वाफ्यात नुसता वास उठला. तर साहेब बोलले ते खरंच होतं. चांगला माणूस होता. पण त्यानं काय केलं — तीन सतरंज्या टाकल्या. पुढं निळी, ती विकायला लावणाऱ्यांची. मध्ये हिरवी, निम्मं विकणार निम्मं ठेवणार त्यांची. आणि पाठीमागं लिंबाच्या सावलीत ती लग्नातली पट्ट्यापट्ट्याची, घरापुरतं लावणाऱ्यांची. आणि माईकवर म्हणाले, आपापल्या सतरंजीवर बसा.

हसू नका, पण गावात माणूस सतरंजी बघून बसतो का हो? शेजार बघून बसतो. काकासाहेब निळीवर बसले — त्यांचं बरोबरच होतं, दोन विहिरी, ठिबक, चिप्सच्या कंपनीची गाडी दारात उभी. पण त्यांच्या मागं त्यांची सगळी भावकी जाऊन बसली, ज्यांच्या दोन सऱ्या बटाटा आहे ते पण. भावकी सोडून मागं कोण बसणार? पलीकडचा भीमा, चांगला पोतीच्या पोती विकणारा माणूस, तो बसला मधल्या सतरंजीवर, कारण निळीवर त्याचा साडू होता आणि दोघांचं बोलणं नाही. बायका तर सगळ्या लिंबाखालीच, सावली सोडून उन्हात कोण जातंय. साहेबांनी नंबर लिहून घेतले आणि म्हणाले, झाली विभागणी. टाळ्या वाजवल्या लोकांनी. मी पण वाजवल्या.

मी? मी पट्ट्याच्या सतरंजीवर होते. छबूबाईनं हाक मारली, ये गं मार्थे, हितं सरकते मी. गेले. दुसरीकडं कुठं जाऊ? काकासाहेबांच्या शेजारी? शलमोनच्या मातीला त्या घरातलं एक माणूस आलं नाही. पाट अडवण्यावरून भांडण होतं, मान्य, पण मातीला माणूस यायला पाहिजे. मी त्या सतरंजीला पाय लावणार नव्हते. आणि खोटं कुठं बोलले मी? हे इथं घराच्या खाली, हे बघा, हे चार वाफे माझे. घरापुरते. बेणं माझं मीच ठेवते, बाजेखाली वाळूत, कडुलिंबाचा पाला घालून. मला विचारलं तर मी माझं सांगणार ना.

हा घ्या चहा. गूळ आहे त्यात, चालेल ना.

खालचं एकर — व्हय, ते रेश्माचं. म्हणजे जमीन माझीच, पीक तिचं. ते पण काकासाहेबांसारखंच, कंपनीचं बेणं, चिप्सचा बटाटा, पांढरा, गोल, माझ्या बटाट्यासारखा वेडावाकडा नाही. मागच्या उन्हाळ्यात नोहा म्हणाला — नोहा माझा मुलगा, चाकणला कंपनीत आहे, महिन्यातनं एकदा येतो — म्हणाला, आई, आता सगळेच चाकणला चला, खोली बघितलीय, एंजलला तिकडं शाळेत घालतो. मी उठून भांडी घासायला घेतली. बोलली ती. ही रेश्मा. म्हणाली, एक हंगाम द्या मला, खालच्या एकरात बटाटा करून बघते, जमलं तर मी इथंच राहणार, आईंना एकटं टाकून जाणार नाही, नाही जमलं तर जानेवारीत सामान बांधू. असं म्हणाली, त्याच्या तोंडावर. माझ्या पोटच्या पोरापुढं, माझ्यासाठी. मला तर वाटलं होतं, तिलाच जायची घाई असेल.

त्या बाकड्यावरून दिसतं खालचं शेत, सरळ बघा. त्या सीताफळाच्या पलीकडं. पिवळा स्कार्फ बांधलाय ती रेश्मा. शेजारी छोटी ती एंजल, माझी नात, शाळेला आज सुट्टी आहे. वाकून? पानं तोडतायत. काळे डाग पडलेली पानं तोडायची, टोपलीत घालायची, लांब नेऊन पुरायची. दोघी परवापासून तोच उद्योग करतायत, सकाळी दव असताना उठून —

का? काय झालं? असं का बघताय?

हातानं पसरतो? दवात ओल्या पानाला हात लावला की एका झाडाचा दुसऱ्याला? असं कसं. माझ्या वाफ्यात मी तेच केलं, सहा-सात पानं निघाली, पुरली, झालं बरं. बघा ना, हिरवंगार आहे. चार वाफ्यात चालतं म्हणता. एकरात नाही. आणि कंपनीचं बेणं त्याला लवकर बळी पडतं. हं. मला कसं ठाऊक असणार ते. आणि पानं तोडायची हे मी माझ्या मनानं नाही सांगितलं हो, हापिसाचा निरोप होता. फोनवर आला. तुमच्याच हापिसाचा. आता तुम्हीच म्हणता चूक आहे, मग शेतकऱ्यानं ऐकायचं कुणाचं? तुम्हीच सांगा. वर्षानुवर्षं आम्ही ऐकलं, बेणं कापा म्हणालात, कापलं, नका कापू म्हणालात, नाही कापलं—

ह्याच फोनवर. का, बघायचाय? बघण्यासारखं काय त्यात, आवाज असतो नुसता. दर सोमवारी येतो. एक बाई बोलते, फार गोड बोलते, घाई नाही, ओरडणं नाही. 'नमस्कार ताई' म्हणते. मला ह्या वयात ताई कोण म्हणतं? सगळे आजी, नाहीतर म्हातारी. ती बोलते तेवढा वेळ मी चूल सुद्धा फुंकत नाही. मग चार घरी सांगते जाऊन. छबूबाईला सांगते, तिच्या जावेला सांगते. आता बायका सोमवारी विचारतातच, मार्थाबाई, काय निरोप?

ठिपके दिसले की पानं तोडून पुरा, औषध मारायची गरज नाही. हेच म्हणाली ती. अगदी हेच.

परसातल्या? असेल म्हणाली. त्या बाईचं पहिलं वाक्य असतं काहीतरी, मी तेव्हा फोन कानाला नीट लावत असते — नाही. तुमच्यापुढं कशाला आडपडदा. म्हणाली ती. स्पष्ट म्हणाली, परसबागेतल्या बटाट्यासाठी. दरवेळी म्हणतेच. पण बटाटा तो बटाटा. मी बेणं ओळखते, माती ओळखते, मला एका मशिनमधल्या बाईनं सांगायचं का की माझं शेत परस आहे नि सुनेचं शेत शेत आहे?

उठू नका. बसा म्हणते ना. चहा संपवा. अजून मी बोलतेय.

ती आली होती माझ्याकडं. पहिला डाग दिसला त्याच दिवशी, पान हातात घेऊन आली, मागची बाजू दाखवली, पांढरी बुरशी होती कडेनं. पारनेरहून करप्याचं औषध पण आणलं होतं तिनं, फोडायची होती बाटली, पण कंपनीचा माणूस आठवडाभर फिरकला नव्हता आणि तिला आपल्या मनानं मारायची भीती वाटत होती. मला म्हणाली, आई, तुमच्या फोनवर काय आलंय का? मी म्हटलं आलंय ना. सांगितलं. ती म्हणाली, हे माझ्या बटाट्याला पण लागू आहे ना? असं विचारलं तिनं. उंबऱ्यात उभी होती, चिखलाचे पाय, आत नाही आली. आणि मी म्हटलं — व्हय. हापिसाचा निरोप आहे, हापिसापेक्षा तुला जास्त कळतं का. बाटली इथं ठेव, दुकानात मी परत करीन. तर म्हणाली, बरं आई. बरं आई म्हणाली आणि टोपली घेऊन गेली.

का म्हटलं मी तसं? मला काय ठाऊक का. तुला सासू आहे का? लग्नच नाही झालं? मग तुला नाही कळायचं. अगं, जन्मभर ह्या घरात बटाट्याचं मला विचारलं जायचं. कधी लावायचा, केव्हा पाणी तोडायचं, काढायचा कधी. शलमोन विचारायचे, नोहा विचारायचा. मग ही आली, कंपनीचा माणूस आला, बांधावर दोघं बोलतायत मोबाईलमध्ये बघून, आणि मी चहा घेऊन गेले तर तो मला म्हणतो, आजी, सरीत पाय नका टाकू. माझ्या जमिनीत. त्या दिवशी ती आली, पान घेऊन, आणि मला विचारलं. कधी नव्हे ते मला विचारलं. आणि मी सांगायचं की बाई, मला तुझ्या बटाट्यातलं काही कळत नाही, माझा फोन परसातल्या म्हाताऱ्यांचा आहे? नाही निघालं तोंडातनं. असं वाटलं, निरोप ऐकून बरं झालं की म्हणेल, आईंनी सांगितलं म्हणून वाचलं.

तुझ्या हापिसाला खरं म्हणजे हे विचारायला पाहिजे होतं, की ह्या घरात चूल एक आहे, पण बटाटा करणाऱ्या बायका दोन आहेत आणि दोघींची तऱ्हा दोन आहे. एका सातबाऱ्याला एक नंबर, एका नंबराला एक सतरंजी, असं नसतं गं. ती त्या दिवशी शाळेत आली असती तर बसली असती निळीवर, काकासाहेबांच्या भावकीत, तिला कुणाची भीती नाही. पण ती इथं खालच्या एकराची मशागत करत होती, आणि घरातर्फे मी गेले. मी तिच्यासाठी उठून निळीवर जायला पाहिजे होतं. साहेबांनी दोनदा विचारलं पण होतं, कुणाचं चुकलं असेल तर जागा बदला. छबूबाईनं कोपरानं ढोसलं मला, तुझ्या सुनेचं एकर हाय की गं मार्थे. मी म्हटलं, गप बस. सगळ्या गावापुढं उठून सांगायचं, आमच्या घरातली खरी शेती सुनेची आहे, माझी नुसती भाजीपाल्याची? मी नाही उठले.

खालच्या निम्म्याचं काय? गेलं. बरं. मला दिसतंय ते इथनं, काळं पडलंय. आणि वरचं निम्मं? — वाचेल? आज मारलं तर. आज म्हणजे कधी, दव पडायच्या आत? सूर्य तर आत्ताच मावळतीच्या टेकडीवर आलाय.

मग ऐक, एक काम कर, तू खाली जाऊन सांग की हापिसाचं चुकलं. एवढंच सांग. नंबर चुकीच्या गटात लिहिला गेला, मशिनची चूक झाली. हापिसाला काय, हापिस शिव्या खायलाच असतं, तुझ्यावर काय येणार आहे, तू तर नवीन. तिला काय फरक पडतो चूक कुणाची? औषध मारायला मिळालं म्हणजे झालं. पण मी सांगितलं होतं हे तिला नको कळायला. कळलं तर ती बोलणार नाही गं काही, तीच तर भीती आहे, भांडणारी असती तर बरं झालं असतं. ती म्हणेल, बरं आई. आणि सामान बांधेल. मी इथं ह्या बाकड्यावर बसून बघायचं, टेम्पो भरताना. एंजल मागच्या फळीवर बसून हात करेल. मला एकटीला हे चार वाफे नकोत. कुणासाठी लावू?

काय गं, सांगशील ना एवढं? एवढी शिकलीस, हो म्हण नाहीतर नाही म्हण.

मान हलवलीस, म्हणजे नाहीच ना. बरोबर आहे तुझं. उद्या परत डाग निघाला की ती परत येईल, आई, फोनवर काय आलंय. आणि तिला वाटत राहील, माझा निरोप म्हणजे तिचा निरोप. तुमच्या सतरंज्या, तुमचे गट तिला काय ठाऊक — ती पानं तोडत राहील माझ्या शब्दावर. आत्ता पण तोडतेय. बघ, एंजल दुसऱ्या सरीत गेली, वरच्या अंगाला. चांगल्या निम्म्यात गेली ती. त्याच हातांनी.

मी तुला इथं चहा पाजत बसलेय.

ऊठ. ऊठ गं, कप राहू दे तिथंच. बाटली आहे घरात, दुकानात परत नाही केली मी, कणगीमागं ठेवलीय, थांब — ही घे. सील आहे तसंच. पंप खालीच आहे, सीताफळाखाली. आधी दोघींना बाहेर काढ, हात धुवायला लाव, मग मार. आणि तिचा नंबर घे, तिचा स्वतःचा, माझा काढून टाकायचा नाही, माझा राहू दे आहे त्या सतरंजीवर, पण तिचा वेगळा लिही. मी येत नाही. गुडघा — गुडघ्याला काही झालं नाहीये, येत नाही म्हणजे येत नाही. विचारेल ती. विचारलं तर माझं नाव घेऊन सांग. मशिन नाही, हापिस नाही, निरोप परसातल्या बटाट्याचा आहे हे ऐकून सुद्धा मार्थाबाईनं तुला तोच सांगितला म्हण. पुढं तिला काय करायचं ते तिचं ती बघेल.

अगं बांधावरनं कुठं चाललीस, तो रस्ता लांबचा, वळसा पडतो. सरळ जा. माझ्या वाफ्यातनं जा. टाक पाय, झाडं मोडली तर मोडू देत, बघतेस काय. येताना मात्र त्या पायांनी इकडून येऊ नकोस, करपा घेऊन येशील, रस्त्यानं जा परस्पर. जा म्हणते ना, पळ.